अवे विजय पचवण्याची रीत

अभिनंदन! तुमचा फुटबॉल संघ परक्या मैदानावर, म्हणजे 'अवे', जिंकला, आणि तोही चक्क बरा खेळून. पण म्हणून लगेच नाचायला उठू नका. गेल्या महिनाभरात मॅनेजरविषयी (फुटबॉलमध्ये म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाविषयी) आपण चारचौघांत काय काय बोलून बसलो आहोत, ते आधी नीट आठवा. आज काय बोलायचं ते त्यावरून ठरतं, स्कोअरवरून नाही.

तुम्ही 'हटाव' पक्षाचे असाल तर काम जरा अवघड आहे. 'मॅनेजर असूनसुद्धा पोरं जिंकली' असं म्हणून सुरुवात करा. मागच्या सामन्यात हीच पोरं त्याच्या सूचना तंतोतंत पाळून हरली होती आणि आज त्याच सूचना धाब्यावर बसवून जिंकली, हे तुम्हाला टीव्हीसमोर बसून स्पष्ट दिसलं, असं सांगायला संकोच कसला? शिवाय प्रतिस्पर्धी आज अगदीच सुमार होता, हेही जोडा. (याच प्रतिस्पर्ध्याकडून आपण चार गोल खाणार, असं तुम्ही कालच लिहिलं होतं. ते तेवढं काढून टाका.)

'वेळ द्या' पक्षाचे असाल तर आज तुमची दिवाळी. ६७ व्या मिनिटाला मॅनेजरने लंगडणाऱ्या मिडफिल्डरला बाहेर घेतलं, त्याच्या जागी आलेल्याने गोल केला. पाय मुरगळला म्हणून बदल करावा लागला, असले क्षुद्र तपशील मध्ये आणू नका. याला मास्टरस्ट्रोक म्हणतात. मॅनेजर सगळा वेळ खिशात हात घालून उभा होता ना? गेल्या आठवड्यात हेच हात 'याला काही पडलेलीच नाही' याचा पुरावा होते. आज ते थंड डोक्याचा पुरावा आहेत. आणि शेवटची वीस मिनिटं अकराच्या अकरा जण आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू मिळेल तिकडे भिरकावत होते, त्याचं नाव 'गेम मॅनेजमेंट'. त्यात बरोबरीचा गोल बसला असता तर नाव वेगळं असतं, पण बसला नाही.

आता इतिहासाचा दाखला हवा. तो एकच आहे, आणि जगातल्या कुठल्याही क्लबच्या समर्थकाला फुकट मिळतो: अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. ७ जानेवारी १९९० ला एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत त्याचं मँचेस्टर युनायटेड नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर गेलं. मार्क रॉबिन्सने एकुलता एक गोल केला आणि म्हणे फर्ग्युसनची नोकरी वाचली. त्या मोसमात लीगमध्ये संघ तेरावा आला, पण कप मिळाला, आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत गृहस्थाने १३ लीग विजेतेपदं जमवली. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स पुढे सांगत राहिले की त्याला काढायचा विचारच नव्हता. तिकडे दुर्लक्ष करा, दाखल्याची मजा जाते. तर्क अगदी सरळ आहे: फर्ग्युसन सुरुवातीला चाचपडत होता, आपला मॅनेजरही चाचपडतोय, म्हणजे आपला मॅनेजर फर्ग्युसन आहे. जे सुरुवातीला चाचपडले आणि शेवटपर्यंत चाचपडतच राहिले अशा शेकडो मॅनेजरांचा दाखला कुणी देत नाही, कारण त्यांची नावंच कुणाच्या लक्षात नाहीत.

त्याच क्लबच्या इतिहासात मात्र याहून पुढे सरकू नका. तिथे ओले गुन्नार सोल्शार भेटतो. डिसेंबर २०१८ मध्ये हंगामी मॅनेजर म्हणून आला आणि पहिलाच सामना कार्डिफमध्ये ५-१ जिंकला. मग ६ मार्च २०१९, पॅरिस, चॅम्पियन्स लीगमधला परतीचा सामना. घरच्या मैदानावर ०-२ हरून गेलेला संघ तिथे ३-१ जिंकला. शेवटचा गोल भरपाईच्या वेळेत, व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांमुळे, मिळालेल्या पेनल्टीवर, रॅशफर्डचा. परक्या मैदानावरचे गोल तेव्हा जास्त मोलाचे धरले जात, त्या नियमावर पुढची फेरी मिळाली. (तो नियमसुद्धा युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२१ मध्ये मोडीत काढला.) क्लबचा माजी खेळाडू रिओ फर्डिनांडने टीव्हीवर सांगूनच टाकलं की करार काढा, टेबलावर ठेवा, आकडा त्यालाच लिहू द्या. तीनेक आठवड्यांत क्लबने खरोखरच तीन वर्षांचा करार केला. त्या मोसमातल्या लीगच्या शेवटच्या पाच सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नाही. एव्हर्टनने चार गोल चढवले, आणि अखेरच्या दिवशी ज्या कार्डिफपासून ही वरात निघाली होती त्याच कार्डिफने ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरी, येऊन २-० हरवलं.

याच्या मुळाशी एक कंटाळवाणी गोष्ट आहे, ती माहीत असू द्या, बोलू मात्र नका. तुम्ही परक्या मैदानावर गेलात की यजमानांना प्रेक्षकांसाठी पुढे येऊन खेळावं लागतं. ते पुढे आले की त्यांच्या बचावफळीमागे मोकळी जागा सुटते, आणि तुमच्याकडे कडेने पळणारे दोन विंगर असले की प्रतिहल्ल्यावर काम भागतं. त्यासाठी फार खोल विचार लागत नाही. खरा विचार लागतो तो घरी, समोरचे दहा जण गोलसमोर ठाण मांडून बसले असताना. २०२०-२१ च्या लीगमध्ये सोल्शारचा संघ बाहेर एकही सामना हरला नाही. घरी मात्र सहा हरला, त्यातला एक तळाला असलेल्या शेफील्ड युनायटेडकडून. (त्या वर्षी स्टेडियम बहुतेक रिकामीच होती, आणि अख्ख्या लीगमध्ये यजमानांनी १४४ सामने जिंकले तर पाहुण्यांनी १५३.) तेव्हा 'बाहेर जिंकलो' याचा अर्थ 'मॅनेजरला सगळं उमगलंय' असा निघतोच असं नाही. पण विजयाच्या रात्री असलं कोण ऐकणार? बोलून मित्र गमावू नका.

एक्सजीचं, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते त्या आकड्याचं, मात्र बिनधास्त बोला. जिंकलात आणि आकडा तुमच्या बाजूचा असेल तर 'आकडे खोटं बोलत नाहीत'. जिंकलात आणि आकडा विरुद्ध असेल तर 'फुटबॉल कागदावर खेळत नाहीत'. एका सामन्यात सरासरी तीनच्या आतबाहेर गोल होतात, म्हणजे खांबाला लागून आत किंवा बाहेर गेलेल्या एका चेंडूवर मॅनेजरची अख्खी विचारसरणी सिद्ध किंवा बाद होऊ शकते. एवढं स्वस्त सत्य दुसऱ्या कुठल्या खेळात मिळतं?

पुढच्या शनिवारी घरी तळाचा संघ येतोय. तो सामना तुम्ही आत्ताच जिंकून टाकला असेल, त्याच्या पुढचेही तीन. गुणतक्ता उघडून 'तर आपण चौथे' इथपर्यंत आला असाल. या खेळात एक शिस्त पाळा: बेरीज फक्त आपल्या गुणांची करायची. वरच्या संघांनीही सामने खेळायचे आहेत हे विसरल्याशिवाय चौथं स्थान येत नाही.

आणि हरलेल्या यजमानांकडेही जरा बघा. तुमच्या विजयाने तुमच्या मॅनेजरचं काय होईल ते सांगता येत नाही, त्यांच्या मॅनेजरचं मात्र बऱ्याचदा सांगता येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिव्हरपूलकडून घरी ०-५ मार खाल्ल्यावर सहाच दिवसांनी सोल्शारचा संघ टॉटनहॅममध्ये ३-० जिंकला. गाडी रुळावर आली, असं सगळे म्हणाले. दोन दिवसांत नोकरी गेली ती टॉटनहॅमचा मॅनेजर नुनो याची. सोल्शारची वॉटफर्डमधल्या १-४ नंतर, म्हणजे आणखी तीन आठवड्यांनी.

म्हणून त्यांच्या समर्थकांना चिडवू नका. आज रात्री तेही तुमच्यासारखेच जागे आहेत आणि तुमचाच विजय पुरावा म्हणून आपल्या अध्यक्षांपुढे नाचवताहेत. कदाचित सोमवारपर्यंत त्यांना नवा मॅनेजर मिळेलही. नवा आला की पोरं अचानक पळायला लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचं नाव जाहीर झालं की मोठ्या मनाने शुभेच्छा द्या, आणि मग हळूच वेळापत्रक काढून बघा, त्याचा पहिला अवे सामना कुणाच्या मैदानावर आहे ते.