एक्सचेंजच्या कोर्सचं एवढं प्लॅनिंग कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

एक्सचेंज सेमिस्टरला, म्हणजे आपल्या डिग्रीतलं एक सेमिस्टर परदेशी युनिव्हर्सिटीत करायला, जायच्या आधी कोर्स कसे निवडायचे यावर मागे लिहिलं होतं, त्यावर एक लांबलचक कमेंट आलीय, नाव टाकलेलं नाही. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं आधी वाटलं, पण त्यातले मुद्दे बाकीच्यांच्याही डोक्यात असणार म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमेंटचा सारांश असा, की एक्सचेंज म्हणजे मोकळं व्हायची संधी आणि मी तिचं पार टॅक्स रिटर्न करून टाकलंय, एक्सेल शीट काय, बॅकअप लिस्ट काय, लेखी मंजुरी काय, यात मजा कुठाय. दुसरं, तिथे पोचल्यावर कोर्स बदलतातच, मग आधी डोकेफोड कशाला. तिसरं, कंपल्सरी विषय तिकडे नेऊ नका हा माझा सल्ला म्हणजे पळवाट आहे, चांगल्या युनिव्हर्सिटीत जाऊन सोपे विषय घेण्यात काय अर्थ. आणि शेवटी त्यांचा एक प्रश्न: मला फिल्म स्टडीजचा कोर्स घ्यायचाय, माझ्या डिग्रीशी त्याचा काडीचा संबंध नाही, तुमच्या हिशोबात तो बसतच नाही का?

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण खरं घोडं तिथेच पेंड खातंय.

कोर्स बदलतात, अगदी मान्य. बदलणारच, कारण आपण अर्ज भरतो तेव्हा समोर असतो तो बहुतेक वेळा मागच्या वर्षीचा कॅटलॉग, पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल अजून लागलेलंच नसतं. मग तिथे गेल्यावर कळतं की एक कोर्स फक्त स्प्रिंगमध्येच होतो, एकाचे प्रोफेसर सबॅटिकलवर (लांब अभ्यासरजेवर) गेलेत, दोन कोर्स एकाच दिवशी एकाच वेळेला आलेत आणि चौथ्यात जागा नाही कारण आधी तिथल्या रेग्युलर मुलांना देतात. बिझनेस, लॉ, कॉम्प्युटर सायन्स असली डिपार्टमेंट तर कित्येक ठिकाणी एक्सचेंजवाल्यांना बंद किंवा अर्धवटच उघडी असतात. हे सगळं खरं, पण यातून "म्हणून प्लॅन करू नका" हा निष्कर्ष कसा काय निघतो? याच कारणासाठी तर मी म्हणते की चार कोर्स घ्यायचे असतील तर आठ आपल्या डिपार्टमेंटकडून मंजूर करून ठेवा, म्हणजे त्यातले कुठलेही चार मिळाले तरी परत आल्यावर क्रेडिट अडकत नाहीत आणि पहिल्या आठवड्यात धावपळ होते ती फक्त टाइमटेबलची. आठ नसतील तर काय होतं सांगते. तिकडे नोंदणीची मुदत शुक्रवारी संपतेय, इकडे ज्यांची सही पाहिजे ते सर परीक्षांच्या गडबडीत, दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ नाही, मेलला उत्तर येतं सोमवारी आणि तोवर तुम्ही जे मिळेल ते घेऊन बसलेले असता.

आणि बदल होणार हे काही आपल्यालाच सुचलेलं नाही. युरोपात इरॅस्मस ही एक्सचेंजची योजना १९८७ पासून चालू आहे, तिथे जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट करावं लागतं, म्हणजे कुठले कोर्स घेणार याचा करार, त्यावर विद्यार्थी, पाठवणारी युनिव्हर्सिटी आणि घेणारी युनिव्हर्सिटी अशा तिघांच्या सह्या, आणि त्याच कागदात गेल्यानंतरच्या बदलांसाठी वेगळा भाग ठेवलेला असतो. म्हणजे बदल धरूनच चाललेत, तरी आधी यादी द्या म्हणतातच. इरॅस्मसने जात नसाल तरी असा कागद स्वतःहून बनवून घ्या, नाव काही का असेना.

बदलायची सोय सगळीकडे सारखी असते असंही समजू नका. अमेरिकेत सुरुवातीला अ‍ॅड-ड्रॉपची (कोर्स घ्यायची-सोडायची) मुदत असते, तेवढ्यात वर्गात बसून बघता येतं. स्वीडनमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी चार-पाच कोर्स समांतर चालत नाहीत, सेमिस्टरचे तुकडे पाडलेले असतात, आधी एकदोन कोर्स संपवायचे, त्यांची परीक्षा द्यायची आणि मग पुढचे. आता सप्टेंबरात सुरू झालेला कोर्स दोन आठवड्यांनी सोडला तर त्याच्या जागी घेणार काय, बाकीचे एकतर अर्धे झालेले किंवा थेट नोव्हेंबरात. "तिथे गेल्यावर बघू" म्हणणारे इथे हमखास अडकतात.

आता त्या बिचाऱ्या एक्सेल शीटबद्दल. ती मी सांगते ते कोर्सच्या नावावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणून. एक उदाहरण देते. इकॉनॉमिक्सची एक ज्युनियर दोन सिलॅबस घेऊन आली होती, दोन्हीकडे नाव इकॉनोमेट्रिक्स, ती निर्धास्त. शेजारी शेजारी लावून वाचले तर इकडच्या सिलॅबसमध्ये रिग्रेशन, मग त्यातल्या हेटेरोस्केडॅस्टिसिटी वगैरे भानगडी, त्यानंतर जवळजवळ अर्धा कोर्स टाइम सिरीज, म्हणजे काळानुसार बदलणारे आकडे. तिकडे टाइम सिरीज औषधालाही नाही! सगळा भर इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल, डिफरन्स इन डिफरन्सेस, रिग्रेशन डिसकंटिन्युइटी अशा कारण-परिणाम शोधायच्या पद्धतींवर, टाइम सिरीज म्हणजे तिकडे वेगळाच कोर्स आणि तोही मास्टर्सच्या मुलांसाठी. वर पूर्वअटीत मॅट्रिक्स अल्जेब्रा, जो हिने शिकलाच नव्हता. नावावर जाऊन घेतला असता तर परत आल्यावर डिपार्टमेंटने विचारलं असतं की टाइम सिरीज कुठाय, आणि त्यांचं चुकलंही नसतं कारण पुढच्या वर्षीचा फोरकास्टिंगचा पेपर त्यावरच उभा आहे. मग तिने कंपल्सरी इकॉनोमेट्रिक्स जायच्या आधी इथेच उरकला, मॅट्रिक्सचं सुट्टीत बघून घेतलं, आणि तिकडचा कोर्स इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून लावला. म्हणजे दोन्ही शिकली. हे सगळं कळलं ते एका शीटमुळे, डावीकडे इकडचे टॉपिक, उजवीकडे तिकडचे, तासाभराचं काम. मजा गेली म्हणाल तर एक संध्याकाळ गेली.

सिलॅबस म्हणजे वेबसाइटवरचा चार ओळींचा परिच्छेद नव्हे हेही सांगून ठेवते. पूर्ण पीडीएफ किंवा मोड्यूल हँडबुक मागवा, त्यात दर आठवड्याचे टॉपिक, मार्क कशावर, पूर्वअटी आणि शिकवायची भाषा एवढं तरी दिसलं पाहिजे. भाषेचं खास बघा, कारण कॅटलॉगमध्ये कोर्सचं नाव इंग्रजीत असतं आणि वर्ग जर्मनमध्ये किंवा इटालियनमध्ये असतो, हे अगदी सर्रास.

आता पळवाटीचा आरोप. सोपे विषय घ्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. मी म्हणते ते एवढंच, की ज्याच्या जागी दुसरं काही चालत नाही असा विषय परदेशात न्यायचा नाही. अवघड विषय जरूर घ्या, तुमच्याकडे शिकवायला कोणी नाही असा घ्या, त्यासाठीच तर चाललाय. पण कंपल्सरी विषयाचं गणित वेगळं आहे. समजा जर्मनीत हिवाळी सेमिस्टरला गेलात. लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमच्याकडे पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर इथेच पहिली टक्कर. त्यातून पेपर राहिला तर रिपीट परीक्षा होते तेव्हा तुम्ही परत आलेले असता. शिवाय तिथे बऱ्याच युनिव्हर्सिटीत कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं, दुसऱ्याची मुदत चुकली की सगळी लेक्चर बसून ऐकलीत तरी पेपर देता येत नाही. हे इलेक्टिव्हच्या बाबतीत झालं तर चार क्रेडिट गेले, पुढे भरून काढाल. कंपल्सरीच्या बाबतीत झालं तर त्यावर अवलंबून असलेले पुढचे दोन विषय अडतात आणि डिग्री लांबते. हा धोका पत्करायचा नाही याला मी तरी पळवाट म्हणणार नाही.

ग्रेडचंही तेच. फ्रान्समध्ये मार्क २० पैकी, १० ला पास, आणि १६ म्हणजे फारच भारी. इटलीत ३० पैकी आणि १८ ला पास. जर्मनीत उलटं, १.० सगळ्यात वर आणि आकडा ४.० च्या पुढे गेला की नापास. डेन्मार्कचं तर वर १२ आणि खाली चक्क उणे ३, मधे सगळे आकडे पण नाहीत. हे तुमच्या सीजीपीएमध्ये कसं बदलणार ते प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापल्या तक्त्याने ठरवते, काही ठिकाणी ग्रेड धरतच नाहीत, फक्त पास असा शेरा आणि क्रेडिट. जायच्या आधी तो तक्ता मागून घ्या. ग्रेड धरणार नसतील तर तुमच्या आवडीचे अवघड कोर्स बिनधास्त घ्या, आणि धरणार असतील तर कुठले विषय तिकडे न्यायचे हे त्या तक्त्यासकट ठरवा.

किती कोर्स घ्यायचे यावरही तुम्ही टोमणा मारलाय की मी कमी घ्यायला शिकवते. युरोपात एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस (तिथलं क्रेडिटचं माप), एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे ७५० ते ९०० तास, म्हणजे वीस आठवड्यांत रोजच्या नोकरीइतकं काम झालं. ब्रिटनमध्ये तेच ओझं ६० क्रेडिटचं दिसतं आणि अमेरिकेत साधारण १५ चं, आकड्यांनी गोंधळू नका. आता त्यात नवीन भाषा, नवीन परीक्षापद्धत, पहिल्या महिन्यातली कागदपत्रं. घरचं डिपार्टमेंट २४ वर समाधानी असेल तर २४ घ्या, उरलेल्या वेळात शहर बघा, माणसं बघा, यात आळस कसला? फक्त व्हिसाची किंवा स्कॉलरशिपची किमान अट तपासा, कारण अमेरिकेत अंडरग्रॅज्युएटला साधारण १२ क्रेडिटच्या खाली जाता येत नाही, आणि कोर्स सोडताना हे आठवत नाही कुणाला.

आता मोकळेपणाबद्दल, तुमचा पहिला मुद्दा. एक्सचेंजमध्ये मोकळेपणा हवा हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, फक्त तो मिळतो कसा यावर आपलं जमत नाहीये. तो तयार होतो जायच्या वर्षभर आधी, इकडे इलेक्टिव्ह न वापरता साठवून ठेवल्याने. दुसऱ्या वर्षी सगळे मित्र एखादा स्कोअरिंग इलेक्टिव्ह घेत असतात, आपण तिथे मोह आवरायचा, एखादा कंपल्सरी विषय नियमात बसत असेल तर आधी ओढून घ्यायचा, आणि ओपन इलेक्टिव्हच्या (कुठलाही विषय चालतो अशा) दोन-तीन जागा रिकाम्या ठेवायच्या. मग तिकडच्या कोर्सना इकडच्या कुठल्याही ठराविक विषयाशी जुळायची गरजच राहत नाही, लेव्हल आणि क्रेडिट बसले की झालं. ज्यांनी हे केलेलं नसतं ते तिकडे जाऊन जुळणारे विषय शोधत बसतात आणि ज्या कोर्ससाठी ती युनिव्हर्सिटी निवडली तोच सोडून देतात. हे मी इतक्या जणांचं होताना पाहिलंय की आता कोणी "कुठली युनिव्हर्सिटी घेऊ" विचारलं की मी आधी विचारते, इलेक्टिव्ह किती शिल्लक आहेत?

राहिला तुमचा फिल्म स्टडीजचा कोर्स. बसतो की! ओपन इलेक्टिव्ह शिल्लक असेल तर सरळ त्यात बसवा, सिलॅबसबरोबर दोन ओळींचा अर्ज जोडा, बऱ्याच ठिकाणी एवढं पुरतं. शिल्लक नसेल तर चार मंजूर कोर्सच्या वर पाचवा म्हणून घ्या, क्रेडिट मिळाले नाहीत तरी ट्रान्सक्रिप्टवर दिसेल. परीक्षेचा ताण नको असेल तर ऑडिट करता येईल का ते विचारा, काही ठिकाणी नुसतं वर्गात बसू देतात. एक मात्र बघा, असल्या कोर्समध्ये लेक्चरशिवाय स्क्रीनिंगचा, म्हणजे सिनेमा दाखवायचा, वेगळा स्लॉट असू शकतो, बऱ्याचदा संध्याकाळी दोन-तीन तासांचा, आणि तो टाइमटेबलमध्ये वेगळ्या कोडखाली लपलेला असतो, तेव्हा बाकीचे चार ठरवताना तो धरून चाला. आणि मूल्यमापन लांब निबंधावर असेल, तुमची सवय प्रॉब्लेम सोडवायची असेल, तर आधीच्या मुलांचा एखादा निबंध बघायला मिळतो का ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. नोंदणी उघडेल त्या दिवशी सगळ्यात आधी हाच कोर्स टाका, मंजूर यादीतले नंतर, कारण त्यांना तुमच्याकडे पर्याय आहेत आणि याला नाही.