लिलीची फुलं संपली म्हणून कात्री उचलू नका

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरातल्या गच्चीवाल्यांच्या फोनवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: लिलीची फुलं संपली की पानं आणि दांडे मातीलगत कापा, त्याच दिवसापासून पाणी बंद करा, मातीतले कांदे (कंद) उपटून कडक उन्हात वाळवा, मग महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा आणि परत लावताना युरिया टाका. पुढच्या वर्षी दुप्पट फुलं. वर पानं कापल्यामुळे अळीही लागत नाही म्हणे.

पहिली अडचण म्हणजे हे नेमकं कुठल्या लिलीसाठी लिहिलंय? मेसेजसोबत फोटो असतो गुलाबी ओरिएंटल लिलीचा. आपल्या कुंड्यांत बहुधा असते लाल भोंग्यांची अमरिलिस, मे महिन्यातली फुटबॉल लिली, पावसाच्या सरीमागून उठणारी रेन लिली, नाहीतर पांढरी स्पायडर लिली. या चारही अमरिलिसच्या कुळातल्या. ओरिएंटल आणि एशियाटिक या खऱ्या लिली, त्यांचं कूळच वेगळं. इतक्या वेगवेगळ्या झाडांना एकच औषध लिहून द्यायचं आणि वर शंभर टक्के खात्री द्यायची, हा धीटपणा मेसेज लिहिणाऱ्यालाच जमतो.

आता पानं कापण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. फुलोऱ्यात कांद्याची साठवण खर्ची पडते आणि ती भरून काढतात पानं. अमरिलिसमध्ये साधारण चार पानांमागे एक फुलाची कळी कांद्याच्या पोटात धरते, तीही बरेच महिने आधी. म्हणजे यंदा पानांवर कात्री चालवली की पुढच्या वर्षीचा दांडाच आपण कापतो. कापायचं ते सुकलेलं फूल आणि त्यामागची फुगायला लागलेली बोंडी, कारण बी धरण्यात कांद्याची ताकद जाते. अमरिलिसचा दांडा पोकळ असतो, हिरवा असताना कापला तर आतून पाणी ओघळतं. तो पिवळा पडला की मगच काढावा. एशियाटिकची गोष्ट आणखी निराळी. तिची सगळी पानं त्या एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे दांडा कापला की झाड उपाशीच राहतं. तिची फक्त शेंड्याकडची सुकलेली फुलं खुडायची आणि दांडा आपोआप पिवळा पडेपर्यंत तसाच ठेवायचा.

पाणी त्याच दिवशी बंद करणंही याच कारणाने चूक. पानं हिरवी आहेत तोवर पाणी हवं, ती पिवळी पडू लागली की हळूहळू कमी करायचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे खरं, पण लिलीला रोज लागतही नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला.

आणि उन्हात वाळवणं? हे सोलापुरात सांगायचं म्हणजे कमाल आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नाही. एशियाटिकचा कांदा हातात घेऊन बघा: पांढरट, मांसल खवले एकमेकांवर बसलेले, बाहेरून वाळक्या टरफलाचं आवरण मुळीच नाही. उघड्यावर ठेवला की तो सुरकुततो. या कांद्याची मुळंही जिवंत ठेवावी लागतात. त्यामुळे कुंडी आहे तशीच उचलून पूर्वेकडच्या सावलीत किंवा शेडनेटखाली न्यावी. अमरिलिसच्या कांद्याला टरफल असतं, तो थोडा तग धरतो, पण त्यालाही उपटायची गरज नाही. फुटबॉल लिलीला तर हलवलेलं आवडतच नाही. थंडीत तिची पानं गळाली की कुंडी कोरडी ठेवून द्यायची, उन्हाळ्यात कोंब दिसला की पाणी सुरू.

फ्रीजच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, अर्धं. एशियाटिक-ओरिएंटलला फुलण्याआधी सहा ते आठ आठवडे दोन ते पाच अंशांची थंडी लागते. सोलापुरात थंडीतही रात्रीचा पारा क्वचितच दहाच्या खाली जातो, म्हणून नैसर्गिक थंडी पुरत नाही. दांडा पूर्ण वाळल्यावर कांदा काढून, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवता येतो. फ्रीझरमध्ये नाही, आणि पिकणाऱ्या आंबा-केळ्यांशेजारीही नाही, त्यांच्यातून निघणारा वायू कळी मारतो. एवढं करूनही आपल्या हवेत ती जोमाने परत फुलेलच असं नाही. माझं मत विचाराल तर ती हंगामी पाहुणी समजून आणावी. अमरिलिस, रेन, फुटबॉल, स्पायडर यांना फ्रीजचा काहीही उपयोग नाही, ही सगळी उबदार मुलखातली मंडळी.

युरियाने पानं माजतात, कांदा मऊ पडतो. फुलं संपल्यावर मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा हाडांचा चुरा पुरे. खरा शत्रू आहे आपली काळी माती. सोलापुरात सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात होतो, आणि नुसती काळी माती भरलेल्या कुंडीत पाणी तुंबून कांदे तेव्हाच कुजतात. निम्मी वाळू आणि खत मिसळा, तळाचं भोक मोकळं आहे का बघा, अमरिलिसच्या कांद्याची मान मातीच्या वर ठेवा.

अळीचं म्हणाल तर ती येते पावसाळ्यात, नव्या लुसलुशीत पानांवर. काळी, अंगावर पांढरे-तांबडे ठिपके, आणि एकदा लागली की पान खात खात कांद्यापर्यंत पोचते. मार्चमध्ये पानं कापून जूनची अळी कशी थांबणार? संध्याकाळी पानांची मागची बाजू बघायची, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, आठवड्याने निंबोळी अर्क फवारायचा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण असायला हवी होती. घरात मांजर असेल तर एशियाटिक-ओरिएंटल लिली आणूच नका. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतं.

राहिली दुप्पट फुलं. फुटबॉल लिलीचा एक कांदा वर्षाला फुलांचा एकच गोळा देतो, तुम्ही काहीही करा. फुलं वाढतात ती कांद्याला पिल्लं सुटून ती मोठी झाल्यावर. म्हणून तीन-चार वर्षं कुंडी दाटू द्या. मग विश्रांतीच्या काळात पिल्लं मुळांसकट हाताने अलगद सुटी करा आणि वेगळ्या कुंडीत लावा. ती फुलायला आणखी दोन-तीन वर्षं घेतात.