भांड्याला भांडं लागतं म्हणे

दोन जाळ्या, दोन्हींत एकेक ससा, मध्ये चार बोटं अंतर, दोन्ही दारांना कडी आणि कडीवर कपड्यांचे चिमटे. पाहुण्या काकूंनी ते चिमटे एकेक करून काढले, टीपॉयवर ओळीनं मांडून ठेवले आणि दोन्ही दारं उघडली. कारण काय, तर "कधीचे बघतायत बिचारे एकमेकांकडे."

बघत नव्हते हो काकू, टपून बसले होते! कान मागे चिकटलेले, शेपूट वर, मान पुढे ताणलेली. हे प्रेम नसतं. पुढचं सगळं पंधरा सेकंदांत झालं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या बुडाशी, दुसऱ्याचं पहिल्याच्या, असा गरगर फिरणारा केसांचा गोळा टीपॉयखालून टीव्हीपर्यंत गेला. हॉलभर केसांचे पुंजके. भुरीच्या कानाला चीर, ढब्बूच्या मांडीवर दोन भोकं. आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या काकूंचं भाष्य: "भांड्याला भांडं लागायचंच. नांदतील हळूहळू."

भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो. सशाला ससा लागला तर टाके पडतात. सशाची कातडी पातळ, वर दाट केस, त्यामुळे दाताचं भोक दिसतच नाही. केस उलटे फुंकत, बोटांनी चाचपत शोधावं लागतं: पापण्या, कानाचं मूळ, पोट, मांड्यांच्या मधली जागा. एखादं राहिलं की काही दिवसांनी तिथे गाठ. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आपणहून वाहून जात नाही, बहुतेक वेळा कापूनच काढावा लागतो. हे काकूंना सांगितलं तर त्यांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जेवणाआधी असलं बोलू नये."

आणि मधे हात घातला म्हणून पुन्हा आपल्यालाच बोलणी! हात घालतच नाहीत. केरभरणी घालतात मधे, नाहीतर जाड टॉवेल टाकतात. ती बाथरूममध्ये असते, कारण दोघांच्या भेटी बाथरूममध्येच ठरलेल्या, भांडणही तिथेच होणं अपेक्षित असतं. हॉलमध्ये काकू अपेक्षित नसतात.

आता दोघांची गट्टी जमवणं पुन्हा पहिल्यापासून. जखमा भरेपर्यंत भेट नाही. मग पुन्हा शेजारी-शेजारी जाळ्या, रोज लिटर ट्रेची (शी-शूच्या ट्रेची) अदलाबदल, दर दोन-तीन दिवसांनी पिंजऱ्यांचीही, म्हणजे एकाच्या वासात दुसऱ्यानं झोपावं. जाळीशी दोघं पाठ टेकून गवत खाऊ लागले की मगच समोरासमोर, तेही दहा मिनिटं. ससा वैर विसरत नाही. पाहुणे मात्र संध्याकाळच्या गाडीनं निघून जातात.

तसं बघायला गेलं तर मूळ पाप पेट शॉपवाल्याचं. "जोडी घ्या, दोन्ही माद्या आहेत." पिल्लं असताना भल्याभल्यांना नर-मादी कळत नाही, याला बरी लांबूनच कळते! तीन-साडेतीन महिन्यांचे झाले की एका टोपलीत झोपणारे हेच दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात, नाहीतर एकतिसाव्या दिवशी घरात पिल्लं. नसबंदीनंतरही नर सहा आठवड्यांपर्यंत बाप होऊ शकतो आणि दोघांची डोकी थंड व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. हे कुठल्या दुकानात सांगतात? तिथे सांगतात, "गाजर द्या."

आणि ते डॉक्टर! कुत्र्या-मांजरांचे उत्तम, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री सशाला उपाशी ठेवा म्हणाले. ससा ओकू शकत नाही, मग उपास कशासाठी? त्याचं पोट थांबलं की ससा संपला. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी असते. ससे बघणारा डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि रविवारी बंद.

सल्ल्यांमध्ये माझा लाडका म्हणजे वॉशिंग मशीनचा. दोघांना टोपलीत घालून चालू मशीनवर ठेवा, लगेच बिलगतात! बिलगणारच, भूकंपात शेजारीही बिलगतात. मशीन थांबलं की पुन्हा तेच, वर भीतीनं जेवण बंद.

खरं तर हसू कुणाचं व्हायला हवं? सुशिक्षित, नोकरदार माणूस, बाथरूममध्ये उपड्या बादलीवर बसलेला. हातात ओव्हनचे मोजे, एका मोज्यात केरभरणी, दुसऱ्यात चमचाभर कुस्करलेलं केळं, दोघांच्या कपाळांना लावायला, म्हणजे एकमेकांना चाटतील. खाली रबरी चटई, कारण फरशीवर पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरला की चावतो. व्हिनेगर-पाण्यानं कोपरे पुसलेले. गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी, लपायला खोका एकच पण त्याला दारं दोन, नाहीतर आत कोंडलेल्याचा निकाल. एकानं दुसऱ्यावर चढणं काही सेकंद चालतं, पण उलटं, तोंडाच्या बाजूनं चढला की लगेच उचलायचं, खालचा नको तिथे चावतो. दोघंही मान खाली घालून "आधी तू मला चाट" म्हणत ताटकळतात. कुणीच चाटत नाही. बाहेरून दार वाजतं: "झालं का? ऑफिसला उशीर होतोय." आणि हा माणूस आतून कुजबुजतो, "शू! जवळ आलेत."

आले नव्हते. केळं संपवून दोघं दोन कोपऱ्यांत गेले होते.

तर पुढचे पाच-सहा आठवडे घरातल्यांनी सात वाजायच्या आत अंघोळी उरकाव्यात. "एकाला देऊन का टाकत नाही" हे विचारायला फोन करू नये. भुरीचा वास हाताला असताना ढब्बूला उचलू नये, आपल्यालाच चावतो. आणि येताना गाजरं आणू नयेत. आणायचीच तर कोथिंबीर आणा. दोन जुड्या, दोन वेगळ्या पिशव्यांत.