४३ मतं आणि साहेबाची शिस्त

आमच्या काकांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर 'आपल्याकडच्यांनी शिकावं' असं लिहून मला टॅगही केलं. तुमच्याकडेही तो फिरला असेलच. १९२४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी मतदारसंघातला खासदार वारला. पक्षाने घराणेशाहीला थारा न देता चर्चिलला तिकीट दिलं. सगळे गट त्याच्यामागे उभे राहिले. पण ४३ मतदार घरी झोपून राहिले म्हणून तो पडला, आणि मग निमूट राजकारणातून बाजूला झाला.

काका, यातलं लंडन खरं, चर्चिल खरा आणि ४३ हा आकडाही खरा. पुढचं वाचा.

आधी ती घराणेशाही. वारलेल्या खासदाराचं नाव जॉन निकल्सन. त्यांच्या जागी हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या स्थानिक संघटनेने उभा केलेला उमेदवार ऑथो निकल्सन. आडनाव बघून जी शंका येते ती बरोबर आहे: हा त्यांचा पुतण्या. काका-पुतण्याचं राजकारण महाराष्ट्राला कुणी समजावून द्यायला नको, पण 'थारा न देता' हे कुठून काढलं?

म्हणजे चर्चिलला तिकीट मिळालंच नाही. मिळणार तरी कसं? १९२३च्या डिसेंबरात तो लेस्टरमधून उदारमतवादी म्हणून लढून पडला होता. जानेवारीत उदारमतवाद्यांनी मजूर पक्षाचं सरकार येऊ दिलं, तेव्हा त्याचं बिनसलं आणि तो हुजूरपक्षाच्या दारात आला. आपल्या भाषेत आयाराम. तिकीट नाकारल्यावर समाजवादविरोधी अपक्ष म्हणून अधिकृत उमेदवारासमोरच उभा राहिला.

आणि गट एक झाले म्हणे! ऑस्टिन चेंबरलेन आणि बर्कनहेड हे हुजूर पक्षाचेच बडे नेते चर्चिलच्या बाजूने. पक्षाचे कित्येक खासदार त्याच्या प्रचारात, अधिकृत उमेदवार पक्षाचा असताना. पक्षनेता बाल्डविनने वरिष्ठांना सांगितलं, कुणी मध्ये पडू नका. बाल्फोर, म्हणजे माजी पंतप्रधान, चर्चिलला पाठिंब्याचं पत्र लिहून बसले होते. ते बाल्डविनने थोपवून धरलं. तेवढ्यात पक्षाचाच दुसरा नेता लिओ अमेरी याने 'टाइम्स'मध्ये निकल्सनच्या बाजूने पत्र छापून आणलं. झालं, मग बाल्फोरचंही पत्र सोडावं लागलं. एकाच पक्षाचे दोन बडे नेते, दोन उमेदवार, आणि पक्षनेता मध्ये हात चोळत. याला एकजूट म्हणायचं असेल तर आपल्याकडे फूट कधी पडलीच नाही.

एक कबूल करतो, नाइलाजाने. वरून एवढी बडी माणसं दबाव आणत असताना स्थानिक संघटनेने आपला उमेदवार बदलला नाही. शिस्त शोधायचीच तर ती तिथे सापडेल, दिल्लीकडे... म्हणजे लंडनच्या वरच्या वर्तुळाकडे नाही.

आता झोपलेले ४३. निकाल असा: निकल्सन ८,१८७, चर्चिल ८,१४४, मजूर पक्षाचे फेनर ब्रॉकवे ६,१५६, आणि उदारमतवादी स्कॉट डकर्स २९१. पहिल्या दोघांची बेरीज १६,३३१, आणि ती जवळजवळ निम्मी-निम्मी फुटली. चर्चिलला पाडलं ते या फुटीने. घरी बसलेले कुणाचे होते हे कोण सांगणार? या भांडणात तिसरा होता तो ब्रॉकवे. (कोलकात्यात जन्मलेला, युद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेला माणूस. मेसेजात त्याचा पत्ताच नाही.)

त्या निवडणुकीचं वर्णन चर्चिलनेच लिहून ठेवलंय. डेलीज थिएटरच्या कोरसमधल्या मुली रात्रभर जागून त्याच्या पत्रकांच्या पाकिटांवर पत्ते लिहीत होत्या. मोजणीत शेवटचा गठ्ठा टेबलाकडे नेताना कुणीतरी म्हणालं, शंभर मतांनी निवडून आलात. जल्लोष झाला, बाहेरच्या गर्दीने तो उचलला, जगभर तारा गेल्या. मिनिटाभरात खरे आकडे आले.

'निमूट बाजूला झाला' याबद्दल काय बोलायचं? ऑक्टोबरमध्ये तोच माणूस एपिंगमधून हुजूर पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आला आणि नोव्हेंबरात त्याच बाल्डविनने त्याच्या हातात अर्थखातं दिलं. अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभं राहिल्याला आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. पुतण्या निकल्सन १९३२पर्यंत साधा खासदारच राहिला.