पाच बैल विकत घेणे आहेत

अभिनंदन! तुमचा संघ सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, हरला आहे, तुमचा क्वार्टरबॅक गवतावर उताणा पडून आकाशातले ढग मोजतो आहे आणि तुम्हाला आता अख्खी ऑफेन्सिव्ह लाइन नव्याने उभारायची आहे. तीही मार्चमधल्या एका आठवड्यात, बाजारातून, पैसे मोजून. मुळीच घाबरू नका. सिनसिनाटी बेंगॉल्सनी ही वाट आधीच मळून ठेवली आहे. तुम्ही फक्त त्यांच्या मागे चालायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम अधूनमधून असतं. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात असतो. तो फेकायला त्याला तीनेक सेकंद मिळावेत म्हणून पुढे पाच जण उभे राहतात, तीच ऑफेन्सिव्ह लाइन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला दोन टॅकल. प्रत्येकाचं वजन एकशेचाळीस किलोच्या आसपास. एरवी यांना पास झेलायचीही मुभा नाही. लग्नातल्या आचाऱ्याची आठवण मीठ कमी पडलं तरच निघते, तसा यांचा नंबर मैदानात पुकारला जातो तो पेनल्टी लागली की.

तर पहिली गोष्ट. क्वार्टरबॅक उभा आहे तोवर काहीही करायचं नाही. बेंगॉल्सनी 2020 मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकला ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड) सर्वांत आधी उचललं आणि त्याच नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये त्याचा गुडघा गेला. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचा नंबर पाचवा होता आणि पेनेई सूएल हा टॅकल समोर हजर होता. त्यांनी घेतला जमार चेस, म्हणजे बरोचा कॉलेजातला जोडीदार, झेल घेणारा. आधी कळस, मग पाया. (खरं सांगायचं तर चेस घेण्यात चूक नव्हती. पहिल्याच हंगामात पोराने 1455 यार्ड काढले. उपरोध लिहिताना असे अडथळे येतात.) सूएलला दोन नंबर खाली डेट्रॉइटने घेतलं.

2021 च्या हंगामात बरो 51 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातातून सुटायच्या आत पाडला गेला. जानेवारीत टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात नऊ वेळा, आणि तरी संघ 19-16 ने जिंकला. इथेच घात होतो. माणूस नऊदा आपटूनही जिंकून देतोय म्हटल्यावर भिंतीवर पैसे कोण घालणार? 13 फेब्रुवारी 2022 ला सुपर बोलमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला सात वेळा पाडलं. निर्णायक चेंडूवर त्यांच्या अ‍ॅरन डोनाल्डने त्याला धरून गरकन फिरवलं, चेंडू कसाबसा हातातून सुटला आणि कुणाच्याच हाती लागला नाही. स्कोअर 23-20. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बाजाराकडे, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या खरेदीकडे वळू. मार्चमध्ये सोमवारी दुपारी बाराला बोलणी करायची परवानगी मिळते आणि सह्या मात्र बुधवारी चारनंतरच करायच्या असतात. मधल्या या काळाला लोक ‘लीगल टॅम्परिंग’ म्हणतात. आपल्याकडे यालाच चहापोहे म्हणतात. सुपारी आधीच फुटलेली असते, तरी दोन्हीकडची मंडळी ‘अजून काही ठरलं नाही हो’ असं मान वेळावून सांगतात. सोमवारी बारा वाजून काही मिनिटांनीच चार-चार वर्षांचे करार ‘ठरले’ अशा बातम्या येतात. एवढ्या मिनिटांत पोह्यांवरची कोथिंबीरसुद्धा चिरून होत नाही.

माझे आजोबा बैल घ्यायला बाजारात जायचे तेव्हा आधी दात बघायचे. चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग चालवून बघायचे. आणि मग असा प्रश्न विचारायचे की विकणारा दुसरीकडे बघायला लागायचा: ‘पेरणी तोंडावर आलीये, मग हा विकायला का काढलास?’

तुम्ही हा प्रश्न विचारायचा नाही. विचारलात तर खरेदीच होणार नाही. कारण ज्याचा टॅकल खरोखर चांगला आहे, तो मालक त्याला दावणीवरून सुटूच देत नाही. करार वाढवतो, नाहीतर फ्रँचायझी टॅग लावून वर्षभरासाठी अडकवून ठेवतो. सूएलला डेट्रॉइटने 2024 मध्ये चार वर्षांसाठी 11 कोटी 20 लाख डॉलर दिले आणि विषय संपवला. ट्रेंट विल्यम्स 2021 मध्ये बाजाराच्या वेशीपर्यंत आला होता, कॅन्सस सिटीवाले पिशवी घेऊन उभेही होते. सॅन फ्रान्सिस्कोने सहा वर्षांचे 13 कोटी 80 लाख डॉलर मोजून त्याला घरी परत नेलं. मग बाजारात उरतं काय? दुसऱ्यांनी नीट विचार करून सोडलेलं.

2022 च्या मार्चमध्ये बेंगॉल्सनी त्यातून तिघे निवडले. टँपा बेचा अ‍ॅलेक्स कापा, न्यू इंग्लंडचा टेड कॅरस आणि डॅलसने मोकळा केलेला लाएल कॉलिन्स, ज्याचं 2020 चं अख्खं वर्ष कमरेच्या दुखण्यात गेलं होतं. डाव्या गार्डच्या जागी ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतला कॉर्डेल वोल्सन. जुन्यातला एकटा जोना विल्यम्स. पाचात चार नवे! अशा वेळी पत्रकार परिषदेत ‘अनुभव’ आणि ‘कणखरपणा’ हे शब्द दर दोन वाक्यांनी यायला हवेत. ‘ओळख’ हा शब्द चुकूनही काढू नका.

कारण सगळी गोची तिथेच आहे. समोरचे दोघे धावत येताना मध्येच जागा बदलतात. गार्डवर येणारा टॅकलकडे जातो, टॅकलवरचा आत घुसतो. अर्ध्या सेकंदात दोघांनी आपापला माणूस एकमेकांना सोपवायचा असतो, एक शब्दही न बोलता. ते दोघांच्या खांद्यांना माहीत असावं लागतं. जुना लाकडी नांगर सहा-सहा, आठ-आठ बैल ओढायचे. त्यात एक नवा जुंपला की पहिले काही दिवस तास वाकडं जायचं, आणि शेतकरी ते धरूनच चालायचा. तुम्ही एकदम चार नवे जुंपा आणि सरळ तासाची अपेक्षा ठेवा. शक्य झालं तर क्वार्टरबॅकलाही सरावापासून लांब ठेवा. जुलैअखेर बरोचं अपेंडिक्स काढावं लागलं, त्यामुळे बेंगॉल्सना ही सोय आयतीच मिळाली.

पोळा होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. 11 सप्टेंबरला पिट्सबर्गविरुद्ध पहिला सामना. बरो किती वेळा सॅक झाला? सात. म्हणजे सुपर बोलइतकाच. स्कोअर? 23-20, जादा वेळेत, पराभव.

पुढच्या आठवड्यात डॅलसने सहा वेळा पाडलं. मग हळूहळू, कुणाच्या फारसं लक्षात न येता, तास सरळ जायला लागलं. तेच पाच जण आठवड्यामागून आठवडा शेजारी-शेजारी उभे राहत होते, संघ जिंकत सुटला होता आणि हंगामअखेर सॅक 51 वरून 41 वर आले. अशा वेळी सावध असावं. जोडी लागत आली की दुखापत दारात उभी असते. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कॉलिन्सचा गुडघा गेला. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात कापाचा घोटा. पहिल्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जोना विल्यम्सचा गुडघा. पाचातले तीन गोठ्यात.

आणि गंमत बघा. त्या तीन बदली गड्यांना घेऊन बेंगॉल्स बफेलोच्या बर्फात गेले आणि 27-10 ने जिंकून आले. त्या दिवशी मला वाटलं, आपण या खेळाबद्दल काही बोलूच नये. आठवड्याने कॅन्सस सिटीला गेले. हरले. स्कोअर विचारताय? 23-20.

उपाय अर्थातच पुन्हा बाजार. मार्च 2023 मध्ये बेंगॉल्सनी ज्यांच्याकडून हरले त्यांच्याच गोठ्यातला ऑर्लँडो ब्राउन आणला. चार वर्षं, 6 कोटी 40 लाख डॉलर, त्यातले 3 कोटी 10 लाख सहीच्या वेळी. हे सहीचे पैसे खेळाडूच्या खिशात आज जातात, पण संघाच्या वर्षाच्या पगारखर्चाला लीगने घातलेल्या मर्यादेत चार वर्षांवर वाटून मांडले जातात, वर्षाला साडेसत्याहत्तर लाख. मधेच त्याला सोडलंत तर उरलेले हप्ते तुमच्याच खात्यावर पडतात. त्याला ‘डेड मनी’ म्हणतात. बैल गेला तरी सोसायटीचा हप्ता चालू, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेत त्यासाठी वेगळे तज्ज्ञ नेमतात. ब्राउन आल्यावर जोना विल्यम्सने ‘मला दुसरीकडे पाठवा’ असा अर्ज दिला आणि शेवटी मुकाट्याने उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

एक पथ्य मात्र कडक पाळा. फिलाडेल्फियाकडे बघू नका. त्यांनी 2018 मध्ये सातव्या फेरीत जॉर्डन माइलाटा घेतला, ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला, ज्याने हा खेळ आयुष्यात कधी खेळला नव्हता. जेफ स्टाउटलँड नावाच्या प्रशिक्षकाने त्याला वर्षानुवर्षं घडवलं, आणि आता तो टीव्हीवर ओळख करून देताना कॉलेजचं नाव म्हणून ‘स्टाउटलँड युनिव्हर्सिटी’ सांगतो. 2025 चा सुपर बोल जिंकला तेव्हा त्यांच्या पाचांपैकी चार घरच्या गोठ्यातले होते. पाचवा मकाय बेक्टन, न्यू यॉर्क जेट्सनी टाकलेला, एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणलेला. असली उदाहरणं पाहिली की वासरू पाळायची दुर्बुद्धी होते. वासराला वेळ लागतो, आणि तुमची नोकरी तेवढी टिकायला हवी ना!

कॅन्सस सिटीचंही नाव काढू नका. त्यांनी 2021 मध्ये जो टूनी या गार्डला पाच वर्षांचे 8 कोटी डॉलर दिले हे सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये 63 वा क्रीड हम्फ्री आणि थेट 226 वा ट्रे स्मिथ घेतला, हे सोयीने विसरायचं असतं.

बेंगॉल्स काही विसरले नाहीत, कारण त्यांनी ते शिकूनच घेतलं नव्हतं. 2024 मध्ये उजव्या बाजूला ट्रेंट ब्राउन आणला. सहा फूट आठ इंच, पाहताक्षणी छाती दडपावी असा. तिसऱ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. 2025 च्या मार्चमध्ये कापाला मोकळं केलं. सप्टेंबरात, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, सॅक होताना बरोच्या पायाचा अंगठा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

तेव्हा येत्या मार्चमध्ये सोमवारी बाराला फोन चार्ज करून ठेवा. पलीकडून एजंट म्हणेल, ‘साहेब, गुणी पोरगा आहे, गुडघा आता अगदी ठणठणीत झालाय.’ तुम्ही लगेच हो म्हणा. कुठला गुडघा, ते विचारू नका.