चेसिस नंबर विचारायला तुमचं काय जातं?

"कुठली गाडी? पेट्रोल का डिझेल?" एवढं विचारून पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस आत जातो आणि खोकं आणून समोर आपटतो. साल विचारत नाही, व्हेरियंट विचारत नाही. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र, चेसिस नंबर त्यावरच असतो) पुढे केली तर न बघताच बाजूला सारतो. "सगळ्या मॉडेलला हेच लागतं, बिनधास्त न्या." काल पुढच्या चाकाच्या बेअरिंगवरून पुन्हा हाच तमाशा झाला. आता ऐकाच.

बेअरिंग बसलं की हो! आतला व्यास तोच, बाहेरचा तोच, रुंदी तीच. नकलमध्ये (चाक धरणाऱ्या ओतीव भागात) प्रेस झालं, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बसला, चाक लागलं, गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि मीटरवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. तो विझायलाच तयार नाही. कारण हातात ठेवलेलं बेअरिंग बिगर-एबीएसचं. या गाडीत एबीएसची चुंबकी रिंग बेअरिंगच्याच एका सीलमध्ये (बाजूच्या झाकणात) बसवलेली असते आणि सेन्सर ती रिंग वाचून चाकाचा वेग मोजतो. रिंगच नसेल तर सेन्सर काय वाचणार, कपाळ?

आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधी एकाच मॉडेलची खालची गाडी एबीएसशिवाय आणि वरची एबीएससकट, अशा दोन्ही सर्रास विकल्या जात होत्या. म्हणजे दिसायला सारखं, मापाला सारखं आणि तरीही वेगळ्या नंबरचं बेअरिंग लागणाऱ्या ढीगभर गाड्या आज रस्त्यावर आहेत. रोज बेअरिंग विकणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर तो विकतो काय? आणि माहीत असून देत असेल तर त्याला काय म्हणायचं?

ओळखणं अवघडही नाही. बेअरिंगची दोन्ही सील बघायची. चुंबकी बाजूला गुळगुळीत, काळपट किंवा तपकिरी कडं असतं. तिथे स्टेपलरची पिन टेकवली की हलकीशी चिकटते. दुसऱ्या बाजूला नुसता पत्रा किंवा साधं रबर. दहा सेकंदांचं काम, तेही काउंटरवर उभ्या उभ्या. बसवताना ही चुंबकी बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला यायला हवी. उलटी बसवली तरी दिवा लागतोच.

आणि खरा संताप इथे येतो. प्रेस मारून बसवलेलं बेअरिंग काढलं की ते भंगारात गेलं. काढताना सगळा जोर गोळ्यांवर येतो, रेसवर (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यांवर) खड्डे पडतात, ते पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे बेअरिंगचे पैसे गेले, नकल खोलायची मजुरी गेली, प्रेसवाल्याचे पैसे गेले आणि आता हे सगळं नव्याने मोजायचं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "फिट केलेला माल परत घेत नाही." अरे, फिट केल्याशिवाय तो चुकीचा आहे हे कळणार कसं? मापाने तर तो बसलाच होता! आणि ही चूक ज्या क्षणी टळली असती त्या क्षणी तुम्ही आरसी बाजूला सारली होतीत.

चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. आरसीवर छापलेला असतो, गाडीच्या बॉडीवर कोरलेला असतो. तो कंपनीच्या कॅटलॉगमध्ये टाकला की त्या गाडीला लागणाऱ्या पार्टचा नेमका नंबर निघतो, जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर तोही दिसतो. दोन मिनिटं लागतात. नंबर निघाला की मग तो कंपनीच्या खोक्यात घ्या नाहीतर बेअरिंग बनवणाऱ्याच्या खोक्यात घ्या, निदान वस्तू तरी बरोबर येते. पण नाही. पार्टच्या कुठल्याही बाजारात, नाना पेठेत जा, कुर्ल्याला जा, नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटला जा, नंबर मागितला की लोक असे बघतात जणू त्यांच्या बापजाद्यांच्या अकलेवर शंका घेतली. "पंचवीस वर्षं धंद्यात आहे." असाल. कॅटलॉग तुमच्या पाठांतरावर चालत नाही.

बिलाचं तर बोलायलाच नको. "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील." हे वाक्य ऐकलं की माझं रक्त उकळतं. पाकिटावर छापलेली एमआरपी सगळ्या करांसहितच असते, तसं त्यावर लिहिलेलंच असतं. तिच्यावर वेगळा जीएसटी लावायचा कुणालाही अधिकार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता. त्यावेळची एमआरपी दाखवून आजही पैसे मागणारे आहेतच. आणि बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, बदली नाही, ग्राहक आयोगात जायला कागद नाही. बिनबिलाच्या स्वस्ताईत आपण नेमकं हेच विकून येतो. बिल घ्या, आणि त्यावर पार्ट नंबर लिहूनच घ्या. नुसतं "बेअरिंग १ नग" लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही.

डुप्लिकेट मालाचं दुखणं वेगळंच. खोकं अस्सल असतं, आतला माल नसतो. म्हणून रिकामी खोकी गॅरेजमध्ये सोडू नका, फाडून टाका, ती भंगारातून फिरून पुन्हा भरली जातात. खोक्यावरचा नंबर आणि वस्तूवर कोरलेला नंबर एकच आहे का ते बघा. चांगल्या बेअरिंगवरचं कोरीव काम रेखीव असतं, नकली मालावर ते फराटल्यासारखं असतं नाहीतर नखाने निघतं. महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेलं पाकीट हातातच घेऊ नका.

बरं, माल बरोबर मिळाला म्हणून सुटलात असं नाही. पुढे हातोडा आहे.

बेअरिंग हे हातोड्याचं कामच नव्हे. हे किती वेळा सांगायचं? नकल काढायची, हब बाहेर काढायचा, त्यावर अडकलेली जुनी आतली रेस पुलरने काढायची, सर्क्लिप (बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी) काढायची, मग जुनं बेअरिंग प्रेसने ढकलायचं. नकलचं भोक साफ करायचं, गंज आणि कचरा पुसायचा. नवीन बेअरिंग आत ढकलताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. हब बसवताना मागून आतल्या रेसला आधार द्यायचा. जोर चुकीच्या रेसवर गेला की तो गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात. डोळ्यांना काही दिसत नाही. चाक हाताने फिरवलं तर गुळगुळीत फिरतं. दोन महिन्यांत पन्नासच्या वेगापुढे पुन्हा घुंऽऽ सुरू. मग मिस्त्री सांगणार, "आजकाल मालच खराब येतो." माल खराब नव्हता. छिन्नी लावून आतल्या रेसवर चारी बाजूंनी ठोके तुम्ही मारलेत. प्रेस नसेल तर नकल लेथवाल्याकडे न्या, त्यात कसली लाज?

एक्सलचा मोठा नटही तसाच. तो नवीनच घ्यायचा, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरावर आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापावर आवळायचा आणि मग त्याची कड खाचेत ठोकून बसवायची. त्याआधी गाडी चाकावर उतरवायची नाही. इथे जुनाच नट पाइप लावून आवळतात, आणि तोसुद्धा गाडी खाली टेकवल्यावर.

निदानाचीही तीच बोंब. आवाज आला की "बेअरिंग गेलंय", आणि चारही बदला. अरे, सरळ रस्त्यावर हळूच उजवीकडे वळवून बघा. भार डाव्या चाकावर येतो. आवाज वाढला तर दुखणं डावीकडे आहे. डावीकडे वळवून वाढला तर उजवीकडे. वळवून काहीच फरक पडला नाही तर आधी टायर पुढचे मागे करून बघा, कारण वेडेवाकडे झिजलेले टायर अगदी बेअरिंगसारखेच घुमतात. गाडी जॅकवर घ्या, एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला जाणवते. चाक वर-खाली हलवून "प्ले नाही, ठीक आहे" म्हणणं पुरेसं नाही, प्ले, म्हणजे ढिलेपणा, येण्याच्या कितीतरी आधी आवाज येतो.

"मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा ना." जातो की! तिथे नंबर बरोबर असतो, पण वस्तू सुटी मिळत नाही. चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश गेलाय, आख्खा आर्म घ्या. एक्सल शाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटलंय, आख्खा शाफ्ट घ्या. हेडलाइटचा प्लास्टिकचा एक कान तुटलाय, आख्खा हेडलाइट घ्या. बूट फाटल्या फाटल्या बदललं, जॉइंट धुऊन नवीन ग्रीस भरलं तर तोच शाफ्ट वर्षानुवर्षं चालतो. पण त्यात सेंटरला काय मिळणार? आणि बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल हा धाक आहेच. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोकला होता, तो याच दादागिरीसाठी: सुटे भाग खुल्या बाजारात न देणं, बाहेरच्या गॅरेजची कोंडी करणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि सेंटरचा ॲडव्हायझर आजही तीच धमकी देतो. तेव्हा वॉरंटीची अट लेखी मागा, तोंडी काही ऐकून घेऊ नका.

वर जॉब कार्डवर न विचारता चढवलेली कामं. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग. वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला इंजिन फ्लश कशाला? आणि ज्याची खरोखर गरज आहे ते ब्रेक ऑइल मात्र कुणी काढत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं खाली जातं. बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते कुणी सुचवणार नाही, कारण त्यात पैसा नाही.

ब्रेक पॅड बदलतात, पण कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करत नाहीत. पिन अडकली की एकच पॅड झिजतं, तेही तिरकं. केलंच ग्रीस तर साधं चासी ग्रीस चोपडतात, त्याने रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट होते. तिथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं. डिस्क लेथवर धरतात, पण डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचत नाहीत. एसीचा गॅस नुसता गेजवर बघून भरतात. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आधी व्हॅक्यूम काढून मग वजनाने भरायचा असतो. जास्त गॅस म्हणजे जास्त थंड, हे कुणी शिकवलं यांना? जास्त भरला की प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसरचा जीव जातो. कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओततात. चाकाचे नट गनने इतके आवळतात की रात्री हायवेवर पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्यावर उभं राहूनही ते सुटत नाहीत.

आणि तो ऑइल ड्रेन बोल्टचा वॉशर! काही रुपड्यांची ॲल्युमिनियमची चकती. एकदा दाबली गेली की तिचं काम संपलं, प्रत्येक ऑइल बदलाला नवीन लागते. फिल्टरसोबत मागितली तर काउंटरवर नसते, गॅरेजमध्ये नसते, सेंटरमध्ये बिलात असते पण बोल्टवर जुनीच असते. जुन्या वॉशरमधून ऑइल पाझरतं, मग तो पाझर थांबवायला बोल्ट आणखी आवळतात, पुढच्या वेळी आणखी. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी. आटे कोणाचे जाणार? आटे गेले की त्यात हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवून काम होतं, लेथवाला तासाभरात करून देतो. पण तुम्हाला सांगितलं जाणार, "चेंबर बदलावा लागेल, साहेब, ऑर्डर टाकू का?"