नवी चेन का सटकते: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

सायकलला आमच्याकडे नवी चेन आणि गिअरची केबल टाकून घेतल्यानंतर चाळीसगावहून कन्नड घाटाकडे जाताना जोर लावला की चेन सटकते, व्हिडिओ पाहून केबलचा ताण आणि डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) दोन्ही स्क्रू फिरवूनही फरक पडला नाही, आणि आता कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बदलायला सांगणे ही पैसे काढण्याची युक्ती आहे, असे आपण लिहिले आहे. पूर्वी न सटकणारी चेन काम केल्यावर सटकू लागली तर कोणालाही हीच शंका येईल, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

आपण स्वतःच नोंदवले आहे की प्रत्यक्ष घाटात, मोठ्या चकत्यांवर, चेन एकदाही सटकली नाही. सटकली ती पायथ्यापर्यंतच्या रस्त्यावर, मधल्या दोन चकत्यांवर. केबलचा ताण कमी असता तर बहुतेक सगळ्याच गिअरमध्ये खरखर झाली असती आणि मोठ्या चकतीवर चेन चढायला उशीर लागला असता. हँगर (डिरेलर ज्यावर बसवतात ती पट्टी) वाकला असता तर एका टोकाचे गिअर जुळवताच दुसऱ्या टोकाचे बिघडले असते. आपल्या सायकलला यांपैकी काहीच होत नाही.

आपली जुनी चेन एक फूट लांबीत सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे १ टक्का वाढलेली होती. ११ स्पीडची, म्हणजे मागे ११ चकत्या असलेल्या सायकलची, चेन ०.५ टक्क्यालाच बदलावी लागते. चेन वाढते ती धातू ताणला जाऊन नव्हे, तर पिना झिजून सांधे सैल झाल्याने, आणि आपल्या खानदेशातल्या काळ्या मातीची धूळ तेलात कालवली गेली की ही झीज फार लवकर होते. वाढलेली चेन चकतीचे दातेही झिजवत नेते. त्यामुळे जुनी जोडी एकमेकींना सांभाळून घेत होती. नव्या चेनच्या पिनांमधले १२.७ मिलिमीटरचे अंतर त्या दातांशी जुळत नाही, आणि जोर येताच चेन दातांवर चढून पुढे सरकते. सपाट रस्त्यावर आपण सर्वाधिक वापरता त्या १५ आणि १७ दातांच्या चकत्याच झिजल्या आहेत. ही शक्यता चेन बसवण्यापूर्वी बिलावर लिहून दिली होती.

मला अधिक काळजी वाटते ती आपण फिरवलेल्या स्क्रूंची. एल खुणेचा स्क्रू सैल राहिला तर सर्वांत मोठ्या चकतीवर जाताना डिरेलर थेट स्पोकमध्ये शिरू शकतो, आणि घाटात नेमकी तीच चकती लागते. तो तपासून घेतल्याशिवाय कृपया घाटात जाऊ नका. तपासणीचे पैसे आम्ही घेणार नाही.

कॅसेट आमच्याकडूनच घ्यावी असा आग्रह नाही. आपली जुनी चेन आम्ही ठेवली आहे. हवी असल्यास ती परत बसवून नव्या चेनची पूर्ण रक्कम परत करू. सायकल त्यावर आणखी काही काळ चालेल, मात्र पेडलजवळच्या पुढच्या चकत्याही झिजत जातील, म्हणून माझा सल्ला कॅसेट बदलण्याचाच आहे. सायकल आता जशी आहे तशीच घेऊन या, चेन आणि दाते आपल्यासमोर मोजू.